धोंड्याच्या आधीचा

चौऱ्याऐंशी साली सरकारनं आमच्या संशोधनाला दोन वर्षांचे पैसे मंजूर केले, तेव्हा डॉक्टर दिनानाथ नवीन पनवेलच्या ऑफिसात पेढे घेऊन आले होते. धडधाकट तान्ही मुलं झोपेतच का दगावतात, हे शोधायचं होतं. सहा महिन्यांनी त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. चार गावांत मी घरोघर फॉर्म भरले होते आणि दगावलेल्या मुलांच्या रकान्यात शून्य होतं.

"सुनीती, मुलं दगावतच नसतील तर साहेब लोक पैसे कशाला देतील?" ते म्हणाले. रकाना असाच रिकामा राहिला तर दोन वर्षं व्हायच्या आधीच, जूनमध्ये, अनुदान बंद होणार होतं. मला राग आला, पण कोणावर काढायचा ते कळेना. दुसऱ्या दिवशी तशीच तणतणत करंजाड्याला गेले.

गोजरा अंगणात सुकट निवडत होती. मुलं किती, विचारलं. "दोन," ती म्हणाली. तेवढ्यात तिची सासू सखू आतून ओरडली, "धोंड्या, चपला घाल."

माझं पेन तिथंच थांबलं. माझ्या सख्ख्या काकांचं नाव धोंडू. आधीची तीन गेली म्हणून आजीनं हे दगडाचं नाव ठेवलं, कोणाची नजर जायला नको. लहानपणापासून हे ऐकलेली मी, आणि सहा महिने बावळटासारखी 'मुलं किती' विचारत हिंडत होते. गेलेलं मूल कोण मोजून सांगतं?

"धोंड्याच्या आधी कोण होतं?" मी विचारलं.

गोजरानं आवाज खाली आणला. अडीच महिन्यांचा मुलगा. दुपारी दूध पिऊन झोळीत झोपला, तो उठलाच नाही. ढेकर न काढता झोपवला म्हणून सासू पाच वर्षं तिलाच बोल लावत होती.

"मी ढेकर काडला होता, बाई. तुमचं सरकार सांगंल ना तसं?"

"सांगेल," मी म्हणून बसले. अनुदानाचाच पत्ता नव्हता.

मग शाळांची हजेरीपत्रकं गाठली. चार गावांतले धोंडू, दगडू, भिकी शोधून काढले आणि त्यांच्या आयांपुढं जाऊन बसले. झोपेत गेलेली अकरा मुलं निघाली. अनुदान चालू राहिलं. डॉक्टरांनी पुन्हा पेढे आणले, मी चार खाल्ले.

शेवटी अहवाल झाला आणि प्रत्येक आईच्या नावानं एक पत्र निघालं. गोजराचं वाचून मी डॉक्टरांशी भांडले. एवढा सरकारी पैसा खर्चून 'कारण सापडलं नाही' हे सांगायला मी कोणत्या तोंडानं जाऊ?

"जे खरं आहे तेच सांग," ते म्हणाले.

गेले. 'मूल निरोगी होतं. मृत्यूचं कारण सापडलं नाही. आईच्या हातून कोणतीही चूक झालेली नाही.' गोजरानं शेवटची ओळ तीनदा वाचायला लावली. तिचा चेहरा असा खुलला की मला माझ्या भांडणाची लाज वाटली.

"आता आत म्हातारीला वाचून दावा," ती म्हणाली. "मोठ्यानं."

सखू शिव्या घालणार म्हणून मी तयारीतच होते. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग कागद हातात घेऊन तिनं शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"माजी पन दोन अशीच गेली," ती म्हणाली. "माजी सासू मरंपरयंत मलाच बोलली. माज्या नावाचा हाय का असा कागूद?"

नव्हता. मी काही बोलायच्या आत गोजरा तिच्याशेजारी जाऊन बसली.

"बाई, फॉर्म काडा," ती मला म्हणाली. "आत्याबाईंचं पन लिवा."