आडव्या काडीची जागा

मी एक जुनी काळी पाटी आहे. शाळेतली नव्हे. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, आदिलाबादकडच्या बोथ मंडळातल्या एका खेड्याच्या आरोग्य उपकेंद्राच्या ओसरीतली; आमच्याकडे तालुक्याला मंडळ म्हणतात. आणि मी सागाची आहे, हे आधीच सांगून ठेवते. आजकालच्या पुठ्ठ्याच्या बहिणींत मला मोजू नका.

मित्रांनो, मला महिपत सुताराने घडवले. कोणाचा तरी दरवाजा करून उरलेली फळी मी. रंधा मारून, काळा रंग देऊन तो म्हणाला, "दरवाजा झाली असती तर लाथा खाल्ल्या असत्या. आता लोक मान वर करून पाहतीन." त्याचे बोलणे खरे ठरले. पोलिओचा डोस, जंताच्या गोळ्या, डासांची फवारणी, सारे गावाला माझ्या अंगावरून कळू लागले.

पण खरा मान मिळाला तो दीक्षा सिस्टर आल्यावर. शेतमजुराची ही लेक शिकून नर्स झाली होती. तिने माझ्या मधोमध रेघ ओढली. एका बाजूला 'देश', दुसऱ्या बाजूला 'आपलं मंडळ'. दर नव्या सालात ती लिहायची, लाख माणसांमागे कॅन्सरने किती दगावले. आमचा आकडा देशाच्या निम्माही नसे. देशाचा थोडा वरखाली होई, आमचा मात्र जागचा हलत नसे.

तो आकडा वाचून घ्यायला बयनाबाई यायची. कापसाच्या वावराची मालकीण, कपाळभर कुंकू, जिभेला धार. शाळा तिने बाहेरूनच पाहिलेली. आकडा ऐकला की ती माझ्या कडा पदराने पुसायची आणि इचोड्याच्या बाजारापर्यंत सांगत सुटायची, "आमचं पाणी खरं, आमची ज्वारी खरी. दिल्लीहून आमी बरे." स्तुती लाकडालाही गोड लागते हो.

एका दुपारी तिची सून मयूरी माझ्याखालच्या बाकावर येऊन बसली. पदराचे टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणाली, "सिस्टर, छातीत गाठ लागते. बोराएवढी. दुखत नाही."

"उद्याच आदिलाबादले जाऊ," दीक्षा म्हणाली.

"नाही जी. आत्याबाई म्हणतात, आपल्या गावात ते दुखणं नाहीच. मग पहिली मीच का? उद्या माझ्या पोरीले कोणी करून घेईल का?"

दीक्षाने तिथूनच जिल्ह्याच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. तपासणीची गाडी गावात आली तर सगळ्याच बाया तपासून घेतील, एकट्या मयूरीकडे कोणी बोट दाखवणार नाही. उत्तर आले की गाडी एकच आहे, ज्यांचा आकडा मोठा त्यांच्याकडे आधी जाईल. तुमचा तर लहान आहे. ज्या आकड्यासाठी माझ्या कडा पदराने पुसल्या जात होत्या, तोच मयूरीच्या वाटेत आडवा पडला होता.

मयूरीने मान वळवली, तर पायरीवर बयनाबाई उभी. तिने सगळे ऐकले होते. ती पायरी चढून वर आली. दीक्षाला विचारले, "पोरी, हा आकडा कुठून येते?"

"मरण जिथं होते तिथं नोंद होते, आजी. अन् घरचे जे कारण सांगतात, तेच बहुतेक लिहिल्या जाते."

बयनाबाई खाली बसली. कारण मित्रांनो, गावची रीत तिला पाठ होती. त्या दुखण्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही. पोटात वारा धरला म्हणायचे, जुना खोकला म्हणायचे. आणि फार झाले की माणसाला नदीपलीकडे महाराष्ट्रातल्या सोयऱ्यांकडे न्यायचे. यवतमाळचा, नागपूरचा दवाखाना तिकडून जवळ. मरण तिकडे, नोंद तिकडे. इकडे नुसते रडणे.

पुढच्या लसीकरणाला ओसरी बायांनी भरली. बयनाबाईने खडू उचलला. "मले लिहिता येत नाही. पण कापूस मोजताना भिंतीवर काडी मारतो, तशी मारता येते." तिने माझ्या अंगावर एक उभी काडी ओढली. "ही माझी जाऊ, कुसुम. आमी सांगितलं, वारा धरला. वारा नव्हता." दुसरी ओढली. "हा भिवाजी. तोंडात सदा तंबाखूचा खर्रा, अन् मग तोंडच नाही राह्यलं."

भिवाजीची बायको समोरच होती. "काऊन त्याचं नाव काढता, बयनाबाई?"

"नाही काढलं म्हणून तर गेला. खोटं हाये का, सांग."

 ती बाई उठली, बयनाबाईच्या हातातून खडू घेतला आणि स्वतःच्या आईची काडी ओढली. मागून एक उठली, आणखी एक. माझी एक बाजू पांढरी होत गेली.

"आता तर आपण देशाहून वाईट झालो," कोणीतरी पुटपुटले.

दीक्षा म्हणाली, "एका गावाचा आकडा टोळासारखा उड्या मारते. अनेक गावं, अनेक सालं मिळून पाहावं लागते. पण आपला आधीचा आकडा खरा नव्हता, इतकं पक्कं."

"खाली होता तवाबी माणसं मरूनच राह्यली होती," बयनाबाई म्हणाली. "वर गेला तर गाडी तरी येईल."

दीक्षाने माझा फोटो काढून मोठ्या डॉक्टरांना पाठवला. त्यांनी घरोघर चौकशी करवली आणि गाडी आली. मयूरीचा हात धरून बयनाबाई रांगेत सर्वांत पुढे. "आदी माझी छाती पाहा. म्हातारीची लाज कवाच सरली."

मयूरीची गाठ कॅन्सरचीच निघाली, पण लहान होती, वेळेत सापडली. ऑपरेशन झाले, औषधांनी केस गेले. बाया कुजबुजल्या तशी बयनाबाई म्हणाली, "तिचे केस गेले, डोकं हाये. तुमचं उलटं हाये."

पुढे नोंदी खऱ्या होऊ लागल्या. आमचा आकडा चढून देशाच्या जवळ गेला. तो चढलेला पाहून आनंद झालेली पाटी जगात मी एकटीच असेन.

त्याआधी, मयूरीची औषधे चालू असतानाच, एक चकचकीत फ्लेक्स आला आणि मला पाण्याच्या टाकीवर झाकण करून टाकले. माझा रंग पोपडला. एक दिवस बयनाबाईने मला ओळखले. "त्या कागदावर काडी मारता येते का?" एवढेच विचारून तिने मला पुन्हा खिळ्यावर चढवायला लावले.

त्याच दिवशी मयूरी आली. डोक्यावर बोटभर नवे केस. तिने खडू घेतला, पण बयनाबाईने हात धरला. "उभी नाही. उभी गेलेल्यांची. तू आडवी मार."

तेव्हापासून माझ्या अंगावर आडव्या काड्याही असतात. मित्रांनो, मला रोज पुसा, वर्षातून एकदा रंग द्या. माझ्यापुढे दुखण्याचे नाव घ्यायला लाजू नका. आणि लिहिताना खालची बाजू मोकळी सोडा. बयनाबाईची ताकीद आहे, आडव्या काड्यांना जागा कमी पडता कामा नये.