माळ्यावरच्या खापराचा हेवा

मी एक जुनं खापर आहे, मित्रांनो, आणि पोटात हेवा घेऊन बोलते आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

खापर म्हणजे चुलीवर उपडं घातलेलं मोठं मातीचं भांडं. आमच्या खानदेशात त्याच्या पाठीवर मांडे भाजतात. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरायचा आणि अलगद माझ्यावर टाकायचा. दगा कुंभाराने मला घडवलं आणि सरलाबाईंनी तळोद्याच्या बाजारातून डोक्यावर आणलं. कितीतरी आखाजी, म्हणजे आमची अक्षय तृतीया, माझ्या पाठीवर पार पडल्या. असं खापर गावात दुसरं नाही, असं शेजारच्या अनुसयाबाई म्हणायच्या. मी हुरळून जायचे.

मग घरात गॅस आला आणि मागोमाग लोखंडी खापर आलं. झटकन तापणारं, पडलं तरी न फुटणारं. मी मागच्या खोलीत माळ्यावर गेले. तिथे पुरणाचा वास आला की माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्या मेल्याला तडा जावा, असं मी मनापासून इच्छिलं. लोखंडाला तडा जात नाही, एवढीही अक्कल उरली नव्हती.

गेल्या आखाजीला नवी सून दिपाली मांडे करायला बसली. एकेक मांडा हातावरच फाटला.

"हाऊ मांडा शे का फडकं?" अनुसयाबाई म्हणाल्या आणि सगळ्या बाया हसल्या.

मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. फजिती लोखंडाची झाली, असंच मी धरून चालले. दिपाली मात्र त्या दिवसापासून गप्प झाली. नवरा योगेंद्र सुरतेला नोकरीवर. दुपारी ती माझ्या खोलीत येऊन एकटीच बसायची.

यंदा चैत्रात सरलाबाई भाचीच्या लग्नाला गेल्या. घर रिकामं झालं, तशी दिपालीने मला उतरवलं आणि परसात चूल पेटवली. गॅस जास्त जळला किंवा लोखंडी खापर चुलीवर काळं झालं तर सासू विचारेल, म्हणून माझी निवड. हेही मला झोंबलं. मांडे फाटतच होते. कुणी हसलं नाही, कुणी शिकवलंही नाही. तिने मांड्यांच्या चिंध्या गाईला घातल्या आणि आपले हात पाहत बसली. मांडा बांगड्यांत अडकत होता. सुवासिनीने चारचौघींत हात मोकळे करणं अशुभ, म्हणून इतके दिवस ते तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिने बांगड्या उतरवल्या. पुढचा मांडा माझ्या पाठीवर अख्खा उतरला, आणि ती एकटीच हसली. सासू परतेपर्यंत रोज आमचं हेच चाललं.

आखाजीला आता मलाच काढतील, अशी माझी खात्री होती. पण मी माळ्यावरच राहिले. खालून बांगड्या ताटलीत ठेवल्याचा आवाज आला.

"सणना दिन बांगड्या काढस का व?" सरलाबाईंनी विचारलं.

"मांडा फाटस, आत्याबाई. व्हयना का घाली लेसू." मांडे झाले की घालून घेईन, एवढंच दिपाली म्हणाली; आवाज चढला नाही.

सरलाबाईंनी पुढचा उंडा तिच्याकडे सरकवला. मांडे अख्खे होत राहिले. शेवटी अनुसयाबाईंनी विचारलं, "कोनाजोडे शिकनी व?"

कोणाकडे शिकली, ते ऐकायला मी जिवाचा कान केला.

"कोनाजोडे नही. एकलीच शिकनू."

मित्रांनो, या घावापुढे लोखंडाचा हेवा काहीच नाही, असं मला त्या क्षणी झालं. मला तिने मोजलंच नव्हतं. पण माळ्यावर विचार करायला वेळच वेळ असतो. मी तिला काय शिकवलं होतं? मी फक्त हसले नव्हते, आणि तेही मला तोंड नाही म्हणून. तिला तेवढंच हवं होतं. तिचं म्हणणं खरं होतं.

तुमच्या घरी कुणी एकटं बसून काही शिकत असेल, तर दार लोटून घ्या, डोकावू नका. माझा हेवा गेलेला नाही. पण कुणाला पोटभर चुकायचं असेल, तर मला खाली उतरवा.