चिठ्ठीखालची दोन अक्षरं

उत्तर आयर्लंडमधल्या बॅलिमीना गावच्या प्रार्थनागृहातले ज्येष्ठ सॅम्युअल मकिल्वेन कसलंही वचन दिलं की खाली 'डी. व्ही.' लिहीत. अक्षरं लॅटिनमधली, अर्थ 'देवाची इच्छा असेल तर'. त्याच प्रार्थनागृहात जाणाऱ्या म्हाताऱ्या इसोबेलच्या बहिणीचं गुरुवारी दुपारी कोलरेनच्या इस्पितळात मोठं ऑपरेशन होतं आणि त्याआधी इसोबेलला तिला एकदा भेटायचं होतं. सॅम्युअलची चिठ्ठी आली होती : 'गुरुवारी नऊला गाडी घेऊन येतो, डी. व्ही.'

साडेदहा वाजले तरी इसोबेल टोपी घालून दाराशीच बसलेली. रात्रपाळी संपवून आलेली, प्रार्थनागृहाची पायरी कधी न चढणारी शेजारची पोलीस रोंडा डोकावली आणि चिठ्ठी वाचून हसली.

"आमच्या ठाण्यात डी. व्ही. म्हणजे डोमेस्टिक व्हायोलन्स, घरातली मारहाण, मावशी. कोणी हात उगारला?"

"हात उगारायला आधी माणूस यावा लागतो," असं म्हणत इसोबेलने सॅम्युअलना फोन लावला.

"सिस्टर, आज देवाची इच्छा नव्हती," सॅम्युअल गोड आवाजात म्हणाले. "मित्र आले, गोल्फला निघालोय."

"गोल्फची बरी झाली त्याची इच्छा! आपल्या आळसाला त्याचं नाव लावू नका, ब्रदर."

चाळीस वर्षं रोजची प्रार्थना न चुकवणाऱ्या इसोबेलने इतका आवाज कधी चढवला नव्हता. तोवर रोंडाने गाडीची किल्ली काढली होती. "चला मावशी, चाळीस मिनिटांत पोचवते."

"मी निघाले," इसोबेल फोनमध्ये म्हणाली. "दर रविवारी जिच्या उद्धारासाठी तुम्ही गळा काढता ना, ती पापी मुलगी नेतेय मला."