बंद नाला

इस्त्रीवाल्या आत्याच्या मोरीतलं पाणी खाली जायचं सोडून वर यायला लागलं, तेव्हा तिने फोन नगरपालिकेला केला नाही, थेट भाचीला केला. भाची नगरपालिकेतच ओव्हरसीअर. शहरातले सगळे नाले तिच्या अंगावर, म्हणून तिचं नावच नालाताई पडलेलं.

"तीन दिवस झाले गं. आंघोळ केली की तेच पाणी पाय धुवायला परत येतं. एवढी काटकसर तुझ्या आतोबांनाही जमली नव्हती."

नालाताई लगेच गेली. उताराच्या पायथ्याशी ती गल्ली, चौदा घरांची. गल्लीच्या खालच्या टोकाला नाल्याचं झाकण उचललं तर आत काठोकाठ पाणी, जरासुद्धा हलत नव्हतं. वीस पावलांवरचं पुढचं झाकण उचललं तर आत ठणठणीत कोरडं. दोन्हींच्या मधून गॅसच्या कंपनीने नुकताच चर खणून पाइप टाकला होता.

ती तशीच चिखलाच्या पायांनी कंपनीच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरली.

"तुमच्या माणसांनी नाल्यात काँक्रीट ओतलंय."

"ओतलंय ना," मॅनेजर शांतपणे म्हणाला. "पोकळीवर पाइप कसा टेकवायचा? आणि नकाशा तुमचाच आहे. वाचा."

त्याच्या बोटाखाली दोन शब्द होते. बंद नाला. अक्षर नालाताईचंच. पाच वर्षांपूर्वी एकेक नाला पायाखाली घालून तिने तो नकाशा केला होता. वरून मोकळा तो उघडा, फरशी टाकलेला तो बंद.

"अहो, बंद म्हणजे झाकलेला!"

"आमच्याकडे बंद म्हणजे बंद. दुकान बंद, गिरणी बंद, तसा नाला बंद."

हसावं की रडावं, तिला कळेना. "बरं, आता फोडा ते."

"फोडतो की. पण नुकसानीच्या फॉर्मवर चूक कुणाची ते ठरल्याशिवाय तुमचीच नगरपालिका खोदू देत नाही. तुमची समिती बसणार सोमवारी."

तो गुरुवार होता. तिच्या मनात एकदम वरचं तळं आलं. नाल्याचं पाणी तिथून येतं, पण तळं शेजारच्या नगरपालिकेचं. तिने तिथल्या राखणदाराला फोन लावून पाणी कधी सोडणार ते विचारलं.

"शनिवारी अकराला तळ्याचं दार उघडतोय, ताई. दुरुस्ती आहे, अर्धं तळं रिकामं करायचंय."

"आणि आम्हाला कळवायचं नाही?"

"आमच्या कागदावर तसा रकानाच नाही. पाणी हद्दीबाहेर गेलं की आमचं काम संपलं." मग आवाज जरा खाली आला. "का हो, खाली कोण राहतं?"

"माझी आत्या. आणि आणखी तेरा घरं."

"अरे देवा. पण फिटर एकच दिवस येणार. चहाच्या नावाने मी पंधरा मिनिटं खाईन, दोन दिवस कसे खाऊ?"

डोंगरावर पडलेलं पाणी उतार तेवढा ओळखतं. हद्दीचे दगड माणसांनी माणसांसाठी रोवलेले, पाण्याला ते कुणी वाचून दाखवलेले नसतात. नालाताई ऑफिसात परतली आणि साहेबांसमोर उभी राहिली.

"सोमवारी समिती बघेल," साहेब म्हणाले. "कंपनीला सोडणार नाही आपण."

"सोमवारी आत्याच्या पलंगाखाली बेडूक फिरत असतील, साहेब. कुणी चूक लेखी कबूल केली तर समिती लागत नाही ना? परवानगी तुमच्या सहीने मिळते?"

"मिळते. पण कबूल कोण करणार?"

"मी."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "डोकं ठिकाणावर आहे का? मेमो येईल. पुढच्या महिन्यात बढतीची यादी लागतेय, त्यातून नाव जाईल तुझं."

"जाऊ दे."

केलेल्या चुकीचं ओझं मोठं विचित्र. लपवून ठेवावं तोवर छातीवर धोंडा, आणि उचलून चारचौघांत ठेवलं की हात रिकामे, कामाला मोकळे. देवा, अक्षर तेवढं नीट येऊ दे, असं मनात म्हणून तिने लिहिलं: 'झाकलेला असं लिहायच्या जागी मी बंद लिहिलं. चूक माझी.'

साहेबांनी दोनदा वाचलं. "हट्टी आहेस," म्हणाले, आणि सही केली.

शेडमध्ये मॅनेजरने तो कागद वाचला.

"हे तुम्ही स्वतः लिहिलंत?"

"अक्षर ओळखता ना माझं? त्यावरूनच तर घोळ झाला."

तो हसला नाही. "काँक्रीट ओतताना खाली पाणी वाहत होतं. मुकादमाने दाखवलं होतं मला. मी म्हटलं, तू पाणी बघू नकोस, कागद बघ." खिशातलं पेन काढून त्याने तिच्या ओळीखाली स्वतःची एक ओळ लिहिली. मग बाहेर जाऊन हाक मारली, "पाइप उचला! सगळ्यांनी छिन्नी-हातोडे घ्या!"

मशीन लावलं असतं तर नाल्याची जुनी दगडी कमान खाली आली असती. म्हणून शुक्रवारभर दोघं-दोघं आळीपाळीने खाली उतरून हाताने फोडत होते. आत्या इस्त्रीचं काम बाजूला ठेवून पाणी पाजत होती आणि मॅनेजरला ऐकवत होती, "ओतायला अर्धा दिवस, काढायला दोन! काँक्रीट ओतलंस की लग्न लावलंस?" तो मान खाली घालून घाव घालत होता.

शनिवारी साडेदहाला आरपार भोक पडलं. बादली जाईल एवढंच. तुंबलेलं पाणी घुसळत पलीकडे पडलं आणि गल्लीतून आत्याचा आवाज आला, "मोरी गिळायला लागली गं!"

सगळे हसले, नालाताई सोडून. बादलीएवढ्या भोकातून तळं कसं जाणार? तिने फोन लावला.

"दादा, दार एकदम उघडू नका. चाकाला एकेक फेरा द्या."

"कागदावर 'पूर्ण उघडणे' लिहिलंय, ताई."

"किती वेळात, ते लिहिलंय?"

पलीकडे कागद फडफडला. मग राखणदार खुदकन हसला. "नाही बुवा. तेवढं माझ्यावर सोडलंय. आणि फिटर संध्याकाळपर्यंत आहे."

अकराला त्याने पहिला फेरा दिला. वीस मिनिटांनी गढूळ पाणी झाकणाखाली पोचलं. आतल्या भिंतीचा खालून तिसरा दगड बुडाला, मग चौथा. मॅनेजर पोटावर आडवा होऊन आत बघत होता. खाली भोक मोठं करत असलेले मजूर घाईने वर आले. पाचव्या दगडाच्या कडेला पाणी लागलं, आणि तिथेच राहिलं; वर अजून चार दगड कोरडे होते.

"थांबलं," तो म्हणाला.

नालाताईने आणखी दहा मिनिटं त्या दगडावरून नजर हलवली नाही. मग फोन कानाला लावला.

"दादा, आता दुसरा फेरा."