अकराव्या भागातलं वाक्य

किसनरावांनी रिमोटचं बटण दाबलं आणि पडद्यावरची बाई हात अर्धवट वर करून थांबली. तिच्या मागं वाळत घातलेल्या माशांच्या रांगा होत्या, पुढं निळी बस, बसच्या खिडकीत तिची मुलगी. किसनराव खुर्चीतून उठले, टीव्हीच्या अगदी जवळ गेले आणि पडद्याच्या खालच्या कडेवर, जिथं इंग्रजी ओळ उमटते तिथं, बोट फिरवून पाहिलं. ओळ नव्हती. बोटाला धूळ लागली.

ते परत येऊन बसले. मालिका थोडी मागं नेली, पुन्हा चालू केली. बस येते. मुलगी चढते. आई खिडकीतून तिच्याकडं पिशवी देते, हात वर करते, बस जाते. एक शब्द नाही. हा भाग ते कालपासून तिसऱ्यांदा पाहत होते. आपला आकडा चुकला असेल म्हणून दहावा पाहिला होता, बारावाही पाहिला होता. घड्याळात साडेबारा वाजले होते. दोन वाजता प्रसेनजितचा, मुलाचा, नाशिकहून फोन येई. दर रविवारी येई. त्याच्या आत हे सापडलं असतं तर बरं झालं असतं, कारण बापाच्या आवाजात काही वेगळं असलं की तो लगेच ओळखे.

टेबलावर चिठ्ठीची नक्कल पडली होती. लिहिलेल्या प्रत्येक चिठ्ठीची ते नक्कल ठेवत. वर मालिकेचं नाव होतं, खाली मजकूर.

'कोरियन भाषेतली मालिका. सोळा भाग. समुद्रकाठी मासे वाळवणारी एक विधवा आणि तिची मुलगी. संथ आहे, कंटाळू नये. अकराव्या भागात मुलगी शहरात जायला निघते, तेव्हा आई बसजवळ तिला म्हणते, "पोचल्यावर फोन करू नको, जेवल्यावर कर." या एका वाक्यासाठी तरी पाहावी. – कि.'

मेहकरच्या वाचनालयात किसनराव चौतीस वर्षं ग्रंथपाल होते. वाचकाला तोंडानं पुस्तक सुचवायचं म्हटलं की त्यांचे कान लाल होत. म्हणून ते चिठ्ठी लिहीत आणि पुस्तकात घालून ठेवत. ज्याला सापडेल त्याला सापडेल. शेवटचं पान वाचल्याशिवाय चिठ्ठी लिहायची नाही, एवढा एक नियम त्यांनी पाळला होता. आपल्याला फार कळतं असं त्यांना कधीच वाटलं नाही. पण आपण न वाचलेलं कुणाच्या गळ्यात मारलं नाही, हे मात्र ते स्वतःशी ठामपणे म्हणू शकत.

त्यांच्या खुर्चीवर आता सुचिता बसते. गेल्या वर्षी तिनं काचेचा एक फलक पुसून त्यावर 'पाहण्यासारखं' असं लिहिलं आणि त्यांना म्हणाली,

"काका, लोकं पुस्तकं कमी नेऊन राह्यले अन् मालिका जास्त पाहून राह्यले. परक्या भाषेतल्या चांगल्या कोणत्या, थे काई कोणी सांगत नाई. तुमी लिहा ना."

"मले कायचं समजते त्यातलं?"

"पाहता ना पण? तुमची नात मनाली सांगे मले, तुमी अन् काकू रोज पाहत होते म्हणून."

दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा त्यांनी लिहिलं. एक तुर्की मालिका, दोन भावांच्या न्हाव्याच्या दुकानाची. एक फिनलंडची, नदीवरच्या नावाड्याची. एक जपानी, बेटावरच्या पोस्टमनची. लोक फलकासमोर उभे राहून मोबाइलवर नावं उतरवून घेऊ लागले. किसनराव त्या वेळी वर्तमानपत्राआड असत.

ही चौथी चिठ्ठी होती. आणि परवा, शुक्रवारी, उद्धवराव वाचनालयात शिरले ते तिच्यावर बोट ठेवूनच. उद्धवराव तहसीलमधून निवृत्त झालेले. फायलीतली चूक शोधायची सवय हातातून अजून गेली नव्हती.

"काय बाप्पा, लायब्ररियन साहेब! पुरे सोळा भाग पाह्यले आमी दोघायनं. शैलजा त अकराव्यात कान देऊन बसली होती. थे वाक्य कुठी हाय?"

"हाय ना. बस सुटते तवा."

"नाई ना! थे बाई त तोंडच उघडत नाई. आता न वाचताच चिठ्ठ्या लिहून राह्यले का तुमी?"

दोघंतिघं हसले. उद्धवरावही हसले, त्यांच्या मनात काही नव्हतं. किसनरावांचे कान तापले.

"काढून टाक थे चिठ्ठी," ते सुचिताला हळूच म्हणाले.

"सोमवारपर्यंत राहू द्या, काका. तुमी एकदा पाहून घ्या. उद्धवकाकाले काय, चूक सापडली का जेवण गोड लागते."

तर ते पाहत होते. दूध उतू जाणं, बाजारात गेल्यावर काय आणायचं ते न आठवणं, हे या वयात होतंच. त्याची त्यांना भीती वाटत नव्हती. पण हे वाक्य त्यांना ऐकू आलं होतं. ते कुठं ऐकलं, कुणाशेजारी बसून ऐकलं, खोलीत काय काय होतं, सगळं आठवत होतं. ते खोटं असेल, तर बायकोच्या, जनकाबाईंच्या, शेजारी बसून पाहिलेल्या बाकीच्या गोष्टींचं काय? जनकाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. खरं-खोटं विचारायला दुसरं कोणी नव्हतं.

वर्षावासात, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात संध्याकाळी ग्रंथ वाचायचं काम वीस वर्षं किसनरावांकडं होतं. स्वतःचं बोलायचं नसलं, समोरचं वाचायचं असलं, की त्यांचा आवाज कापत नसे. एक वाक्य वाचायचं, थांबायचं, समोरून 'हं' आलं की पुढचं. त्या हुंकारात जनकाबाईंचा हुंकार सगळ्यांच्या आधी येई. पुढं त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला, समोरचं धुरकट झालं, विहाराच्या पायऱ्या चढवेनात. मनालीनं एका सुट्टीत टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं. जनकाबाईंना इंग्रजी अक्षर कधीच येत नव्हतं, आणि आता कोणतंच दिसत नव्हतं. किसनरावांना इंग्रजी येई, पण पळत्या ओळींच्या मागं धावणं जमत नसे. मग त्यांनी आपली जुनी रीत धरली. ओळ आली की रिमोट दाबायचा. ती मराठीत सांगायची. शेजारून 'हं' आलं की पुढं. तासाभराच्या भागाला अडीच तास लागत. एकेक मालिका त्यांनी चार-चार महिने पाहिली.

जनकाबाई नुसत्या ऐकत नसत.

"थांबवा. थो पोरगा खोटं बोलून राह्यला."

"तुले काय माहीत? तुले त थो दिसतही नाई."

"खोटं काय दिसाले लागते? आवाज आयका त्याचा."

आणि दोन भागांनंतर तो पोरगा खोटारडा निघे. जनकाबाई पदरानं नाक पुसत आणि म्हणत, "हं. पुढं."

किसनरावांनी पुन्हा बस आणली. मुलगी चढली. आईनं पिशवी दिली. खोलीत उकाडा होता, चष्म्याच्या काचांवर वाफ धरली होती. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसू लागले. पडद्यावर नुसता निळा डाग उरला, त्याच्याजवळ एक करडा. इंजिनाचा आवाज येत होता, कुठल्यातरी पक्ष्याचा. काचा पुसता पुसता त्यांच्या तोंडून आपोआप निघालं,

"काय म्हणली थे?"

शेजारी जनकाबाईंची खाट रिकामी होती.

किसनरावांचा हात थांबला. बस केव्हाच निघून गेली, दुसरा प्रसंग लागला, लोक बोलू लागले, खाली ओळी येऊन गेल्या. त्यांनी त्या थांबवल्या नाहीत.

जनकाबाईंबरोबर हा भाग पाहिला त्या दिवशीही चष्मा हातात होता. उकाडा नव्हता, थंडीचे दिवस होते. बस सुटायला लागली तसं त्यांनी चष्मा काढला होता आणि उगाच पुसत बसले होते, जनकाबाईंना दिसत नसतानाही मान वळवून. आवाज थोडा ताळ्यावर आल्यावर त्यांनी विचारलं होतं, "काय म्हणली थे?" तेवढ्या एका वेळी त्यांनी विचारलं होतं. आणि खाटेवरून जनकाबाईंनी, ओळ वाचून दाखवावी तसं, ते वाक्य सांगितलं होतं. त्यांनी 'हं' म्हटलं होतं आणि मालिका पुढं गेली होती.

प्रसेनजित नागपूरला शिकायला गेला तेव्हा किसनराव स्टँडवर गेले नव्हते. वाचनालय उघडायची वेळ झाली, असं त्यांनी घरात सांगितलं. त्या दिवशी वाचनालय अर्धा तास लवकर उघडलं. पोराला घेऊन जनकाबाई एकट्याच गेल्या. परत आल्यावर स्टँडवर काय झालं ते त्यांनी विचारलं नाही, आणि जनकाबाईंनीही सांगितलं नाही.

दोन वाजता फोन वाजला.

"बाबा, जेवलो."

फोन उचलला की प्रसेनजितचं पहिलं वाक्य हेच असे. पन्नाशीला आला तरी हेच. किसनराव त्यावर 'बरं' म्हणत. आज ते खाटेकडं पाहत राहिले.

"बाबा? आयकू येऊन राह्यलं ना?"

"हाव. एक विचारू का? तू नागपूरले गेला तवा... स्टँडवर आई काय म्हणे तुले?"

"एवढ्या वर्षानं काऊन?"

"असंच."

प्रसेनजित हसला. "काय म्हणन? आई काई रडलीबिडली नाई. पिशवी देल्ली खिडकीतून. म्हणे, पोचल्यावर कार्ड टाकू नको, जेवल्यावर टाक. अन् मी पोचलो त मेस बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवलो, मंग कार्ड टाकलं. तुमी चिडले होते म्हणे त्या कार्डावर."

कार्ड किसनरावांना आठवलं. पत्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला एकच शब्द होता, 'जेवलो'. हे काय लिहिणं झालं, पोरगा पोचला की नाही तेही लिहिलं नाही, असं ते म्हणाले होते. तांदूळ निवडता निवडता जनकाबाईंनी वरही पाहिलं नव्हतं. "न पोचताच जेवला असन का थो?" एवढंच म्हणाल्या होत्या, आणि कार्ड उचलून फडताळात ठेवलं होतं.

"बाबा, तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय," किसनराव म्हणाले. "तुही आई बरोबर सांगे."

"काय?"

"काई नाई. ठेवतो."

सोमवारी ते वाचनालयात गेले तेव्हा सुचिता नुकतीच झाडून बसली होती. उद्धवराव नेहमीच्या खिडकीपाशी वर्तमानपत्र उघडत होते. किसनरावांनी खिशातून नवी चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. ती लिहायला त्यांना सकाळचे दोन तास लागले होते, आणि अजूनही ती बरी झाली आहे असं वाटत नव्हतं.

सुचितानं ती हलक्या आवाजात वाचली.

"'मागच्या चिठ्ठीत चूक आहे. ते वाक्य मालिकेत नाही. अकराव्या भागात बस सुटते तेव्हा आई काहीच बोलत नाही. तरीही पाहावी. बस सुटेल तिथं थांबवावी. – कि.'"

तिनं वर पाहिलं. "थांबवून काय करायचं, काका?"

किसनरावांचे कान लाल झाले. खोलीत चार माणसं होती. पेनाचं टोपण लावता लावता ते म्हणाले,

"बाजूले जे बसलं असन, त्याले विचारायचं. थे बाई काय म्हणली असन म्हणून."

सुचितानं काच सरकवली, जुनी चिठ्ठी काढली. ती टाकून द्यायला तिचा हात टोपलीकडं गेला आणि थांबला. तिनं ती टेबलाच्या खणात ठेवली. खिडकीपाशी उद्धवरावांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं, परत उलटलं. मग जुळवून घडी घातली आणि चपला शोधू लागले.

"आज लौकर, उद्धवकाका?"

"घरी शैलजा एकटी हाय," उद्धवराव म्हणाले आणि निघाले.

किसनराव घरी आले. एरवी ते दुपारी दूध-पोळीवर भागवत. आज त्यांनी डाळ टाकली, भाताला आधण ठेवलं, दोन मिरच्या तेलात परतल्या. मिरच्या थोड्या करपल्या. ताट घेऊन ते खाटेशेजारच्या खुर्चीत बसले आणि सावकाश, पानात काही न ठेवता जेवले. हात धुतला. ताट घासून पालथं घातलं. मग चष्मा लावून फोनमध्ये नंबर शोधला.

"बाबा?" पलीकडं ऑफिसातला गलका होता. "आज सोमवारी काऊन? काय झालं?"

"काई नाई," किसनराव म्हणाले. "जेवलो."

पलीकडचा गलका कमी झाला. प्रसेनजित बाहेर आला असावा. किसनरावांनी घाई केली नाही. फोन कानाशी धरून ते थांबले.