उजव्या कानाचा सूड

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे, आणि मी अजून कुणालाही माफ केलेलं नाही.

माझ्याकडे पाहून तुम्हाला हसू येईल. पातळ पत्र्याची कमान, दोन्ही बाजूंना काळा स्पंज, पाठीवर बारीक भोकं आणि खाली लोंबणारी वायर. कारखान्यात मला घडवलं तेव्हा शेवटच्या टेबलावरच्या बाईंनी मला कानाला लावलं, मान हलवली आणि पुढे सरकवलं. आयुष्यातली ती माझी पहिली पसंती. त्यानंतर दुकानाच्या सगळ्यात खालच्या खणात मी बरेच दिवस धूळ खात पडलो होतो. वरच्या खणातले चकचकीत भाऊबंद माझ्याकडे ढुंकूनही बघत नसत. त्यांचीही नोंद माझ्याकडे आहे.

मग एके दिवशी ताई आली. ती कवळ्या बनवायच्या कामावर होती. दिवसभर लोकांचे दात घासूनपुसून बसवायचे आणि जाता-येता बसमध्ये गाण्याचा रियाज करायचा, असा तिचा बेत होता. तिच्या गाण्याच्या बाईंनी शिकवलेलं सगळं तिच्या फोनमध्ये भरलेलं होतं.

"स्वस्तातला द्या, पिशवीत मावणारा द्या, आणि गाणं नीट ऐकू येणारा द्या," ती म्हणाली.

"ताई, तिन्ही एकात हवं असेल तर लग्नाच्या बाजारात जा," दुकानदार म्हणाला आणि त्याने वरच्या खणातला एक काढला. तिने तो लावला आणि तोंड वाकडं केलं. "ह्यात तंबोरा पिठाच्या गिरणीसारखा वाजतो." दुसरा लावला. "ह्यात बाई विहिरीतून गातायत." असे चार झाले. शेवटी कंटाळून दुकानदाराने मला वर काढलं.

मी जीव ओतून वाजलो, मित्रांनो. तंबोऱ्याची एकेक तार सुटी करून दिली. बाई श्वास कुठे घेतात तेही ऐकवलं. ताईचे डोळे मिटले.

"पण हा बाहेरचा आवाज आत घेतो हं," दुकानदाराने सांगून टाकलं. "बसमध्ये इंजिन ऐकू येईल."

"इंजिनशी माझं भांडण नाही," ताई म्हणाली, आणि मी तिचा झालो.

ती वर्षं सोन्याची होती. बसमध्ये खिडकीपाशी बसून ती बाईंच्या आवाजामागे हलकेच गुणगुणायची. माझ्या स्पंजातून तिचा स्वतःचा आवाज तिच्या कानात शिरायचा. जरा चुकली की तिची तीच सावरायची. बाईंनी एकदा सगळ्यांदेखत म्हटलं, "हिचा सूर बघा, कसा ताठ उभा राहतो." शाबासकी तिला मिळाली. माझं नावही कुणी घेतलं नाही. हेही मी लिहून ठेवलं आहे.

पुढे बाईंचा मोठा कार्यक्रम ठरला. त्यांच्या मागे बसून गायला एक शिष्या हवी होती, आणि ताई त्या जागेकडे कित्येक वर्षं डोळे लावून होती. नेमका तेव्हाच तिचा मोठा भाऊ घरात उगवला. हा दादा म्हणजे घरातल्या प्रत्येक यंत्राचा स्वयंघोषित डॉक्टर. त्याने मला दोन बोटांत धरून उचललं, मेलेलं झुरळ उचलावं तसं.

"हे काय गं? भंगारवाल्यानेही घेतलं नसतं! हा घे. बाहेरचं जग बंद. बस नाही, इंजिन नाही, फक्त तू आणि तुझ्या बाई."

त्याने आणलेला हेडफोन जाडजूड होता, कानांवर उशा ठेवल्यासारखा. ताईने तो लावला आणि तिचा चेहरा उजळला. मी समोर टेबलावरच होतो. तिने माझी वायर माझ्याच अंगाभोवती करकचून आवळली आणि मला पिशवीच्या तळाशी, डब्याखाली कोंबलं. "असू दे अडीअडचणीला."

त्या आवळण्यात माझ्या उजव्या कानाची तार आतून तुटली. मी दिवस मोजत राहिलो.

मित्रांनो, पिशवीच्या तळातून जे ऐकलं त्याने माझा जीव सुखावला. बाहेरचं जग बंद झालं होतं ना? त्यात ताईचा स्वतःचा आवाजही बंद झाला होता. आपण गुणगुणतोय असं तिला वाटायचं आणि ती चक्क मोठ्याने गायची. तेही खाली घसरत, रोज थोडं जास्त. सहप्रवासी खोकायचे. कंडक्टर एकदा म्हणाला, "ताई, तिकीट काढलंय तुम्ही, तक्रार नाही, पण माणसं पुढच्या दाराकडे सरकायला लागली." तिला यातलं काही ऐकू गेलं नाही. मी डब्याखाली लोळून हसलो.

मग बाईंनी तिला गायला बसवलं. पिशवी शेजारीच होती. ताईने आलाप सुरू केला आणि दुसऱ्याच ओळीला बाईंचा हात वर झाला.

"गंधार कुठे ठेवून आलीस?"

"बाई, मी तर रोज..."

"रोज हेच करत होतीस? मग रोज चुकीचंच घोटलंस. रविवारी पुन्हा ये. तेव्हाही असाच आला तर मागे दुसरी बसेल."

घरी जाताना ताई बसमध्ये रडली. मला दया आली असेल असं तुम्हाला वाटतं? मुळीच नाही. तो गंधार माझ्याकडे होता. मागायला ती आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दादाच्या त्या उशीचं चार्जिंग वाटेतच संपलं. ताईने पिशवीत हात घालून मला ओढून काढलं, वायरीला धरून. उजव्या कानातून आवाज येईना. तिने पिन फिरवली, वायर दाबली, मला झटकलं. मनात आणलं असतं तर तुटलेली तार तारेला क्षणभर टेकवली असती. मी मनात आणलं नाही. घे, म्हटलं, आता अर्ध्या कानाने रियाज कर!

"मेला वाटतं हा कान," ती पुटपुटली. तिने उजवा स्पंज कानामागे ढकलला, डाव्या कानाने बाईंना ऐकू लागली आणि सवयीने गुणगुणली.

आणि एकदम थांबली.

"अगं बाई! ही मी?"

उघड्या कानात तिला तिचा सूर ऐकू आला होता, जसा होता तसा, घसरलेला. तिने पुन्हा लावला. पुन्हा. तिचा स्टॉप मागे गेला तरी ती उठली नाही. तो सगळा आठवडा एका कानात बाई आणि दुसऱ्या कानात ती स्वतः. रविवारी गंधार लागला तेव्हा बाईंनी आपल्या मागची सतरंजी हाताने सरळ केली आणि म्हणाल्या, "बस इथे."

मी सूड घेतला, मित्रांनो, आणि त्याचं गाणं झालं. एवढा मोठा अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता.

दादाचा हिशेब तेवढा ताईनेच चुकता केला. उशी परत देत ती म्हणाली, "तूच वापर. ज्याला स्वतःचा आवाज ऐकायचा नसतो त्याला फार छान आहे." त्याचं तोंड बघण्यासाठी मी आणखी दहा वर्षं डब्याखाली काढली असती.

परवा ताई मला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. त्याने दिव्यासमोर मला उलटंसुलटं पाहिलं. "उजव्या कानाची तार तुटलीय. कुणी तरी फार करकचून गुंडाळलंय. देतो जोडून."

"मीच गुंडाळलं," ताई हळूच म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "पण उजवा राहू द्या तसाच. स्पंज तेवढे नवे घाला."

तेव्हा मित्रांनो, हेडफोन घेताना खोका पाहू नका, आपलं गाणं लावून पाहा. वायरीला धरून ओढू नका, पिनेला धरा. गुंडाळाल तेव्हा सैल गुंडाळा, आमच्याही अंगात नसा असतात. आणि ज्याला तुम्ही पिशवीच्या तळाशी टाकलं आहे, त्याला एकदा बाहेर काढून विचारा. ताईने विचारलं नाही. रोज सकाळी ती मला हलक्या हाताने कानावर ठेवते, तेव्हा मी शक्य तितका रागावून राहतो. पण बाईंचा तंबोरा सुरू होतो आणि रागावून वाजता येत नाही.