न्हाणीघराचा उतार

मुलगी चार महिन्यांची झाली आणि मला उगाचच रडू यायला लागलं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, तिला पाजताना तर हमखास. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोप हवी. सासूबाई म्हणाल्या, शांती हवी, आणि त्यांनी मला त्यांच्या ध्यानाच्या वर्गात घातलं. रोज सकाळी एक तास.

"तेवढा वेळ छकुलीला मी बघते. माझं ध्यान संध्याकाळी होतं. तू फक्त मन रिकामं करून ये."

औषधांच्या दुकानावरच्या खोलीत वर्ग भरायचा. अर्धा तास बसायचं, मग अर्धा तास वर्ग घेणाऱ्या बाईंचं निरूपण. बाईंच्या पद्धतीत डोळे मिटायचे नसत. ताठ बसून नजर दोन हात पुढे जमिनीवर ठेवायची. "दिसेल ते दिसू द्या. त्यात हात घालू नका."

माझ्या दोन हात पुढे फरशी होती. पहिले आठ दिवस मला तिच्यावरचा डागच दिसला. मग सांधे दिसायला लागले. डावीकडचा दोऱ्याएवढा, उजवीकडचा काडेपेटीतल्या काडीएवढा, त्यापुढचा आणखी रुंद. पंधराव्या दिवशी मला ती फरशी बसवणारा माणूसच दिसला. दारापासून झोकात सुरुवात केली असणार. निम्म्यावर आल्यावर कळलं असणार, भिंतीशी चार बोटं कमी पडणार. मग सांधे फाकवत फाकवत गडी भिंतीला जाऊन टेकला. त्याची लबाडी कळली आणि मला हसू फुटलं. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच, तेही सगळे चिडीचूप बसलेले असताना.

नंतर बाईंनी विचारलं, तेव्हा खरं ते सांगितलं.

"छान," बाई म्हणाल्या. "आता ते सोडून द्या."

"नाही सोडायचं मला, बाई. मला फरशी बसवायला शिकायचंय."

वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत मलाही ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी अर्धा तास बसायचे आणि निरूपणाला दांडी मारायचे. गल्लीच्या तोंडाशी एका नव्या दुकानात फरशीचं काम चालू होतं. तिथल्या मिस्त्रींनी दोन दिवस मला दारात उभं राहू दिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ताई, दुकान अजून उघडलं नाही. काय हवंय?"

"हे शिकायचंय."

"कंबर मोडते. तासन् तास बसावं लागतं."

"बसायचा सराव आहे."

ते हसले, पण सरकून जागा दिली. माल कालवायचा कसा, रबरी हातोडीने कुठे ठोकायचं, पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत धीर कसा धरायचा, सगळं त्यांनी दाखवलं. त्या दिवसांत मी रडले नाही. लक्षातच आलं नाही रडायचं.

नखांनी घात केला. छकुलीला सासूबाईंकडून घेताना त्यांनी माझा हात धरला. "हे काय नखांत?"

"सिमेंट."

मग घरात सभा भरली. सासूबाईंनी बाईंनाही बोलावून घेतलं. नवरा म्हणाला, "अगं, छंद असावा की माणसाला. विणकाम कर, चित्रं काढ."

"विणलेल्यावर उभं राहता येत नाही," मी म्हणाले.

बाई समजुतीने बोलल्या. "साधना काही मिळवण्यासाठी नसते. ती झाली की शांतपणे उठायचं."

"उठलेच की मी, बाई."

सासूबाईंनी चहाचे कप गोळा केले. "शांतीसाठी पोर सांभाळत होते. सिमेंटसाठी नाही सांभाळणार."

माझा तास गेला. मिस्त्रींकडे जाणं बंद. राहिली छकुलीची दुपारची झोप.

आमच्या न्हाणीघरात दाराशी कायम पाणी साचायचं. उतारच उलटा होता. सासूबाई त्यात एकदा पडता पडता वाचल्या होत्या, तरी घरादाराला ते डबकं ओलांडायची सवय झाली होती. एका दुपारी छकुली झोपल्यावर मी दाराजवळच्या सहा फरशा उखडल्या.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "मन रिकामं करायला पाठवली, हिने न्हाणीघर रिकामं केलं."

फरशा परत बसवायला तीन दुपारी लागल्या. माल वाळू दिला आणि रविवारी सगळ्यांसमोर बादली ओतली. पाणी जाळीकडे निघालं. अर्ध्या वाटेत त्याचं मन बदललं, आणि ते डावीकडे वळून कोपऱ्यात जाऊन बसलं.

नवरा म्हणाला, "झालं समाधान? उद्या कुणाला तरी बोलावतो."

मी छिन्नी घेतली. "उद्या कशाला? मीच काढते आत्ता."

"आणि परत चुकलं तर?"

"परत काढीन. तू शेजारी जाऊन आंघोळ कर."

तेवढ्यात आत छकुली उठून रडायला लागली. नवरा तिला आणायला गेला, पण त्याच्याकडे ती आणखीच भडकली. एरवी मी हातातलं टाकून धावते. तिच्या आवाजासरशी छातीत दूध दाटून आलं, बोटं सैल झाली. मी ती पुन्हा आवळली आणि सासूबाईंकडे पाहिलं.

"तिला घ्या, आई. आज शांतीसाठी नाही. सिमेंटसाठीच घ्या."

सासूबाई कोपऱ्यातल्या डबक्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अर्धा तास."

"दोन तास लागतील."

"एक."

"दोन. उतार घाईने येत नाही."

त्या वळून आत गेल्या. थोड्या वेळाने रडणं हुंदक्यांवर आलं, मग थांबलं.

मी पहिल्या फरशीच्या कडेला छिन्नी लावली. काही केल्या हलेना, इतकी घट्ट मी बसवली होती. मला बरं वाटलं, आणि मी जोरात हाणलं.